उसंबाराचा शिंजीर

मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या मराठी मंडळींत माझी ओळख ‘मेलेल्या पक्ष्यांची बाई’ अशी होती. गणपतीच्या आरतीनंतर नव्या कुटुंबाशी ओळख करून देताना कोणीतरी हमखास म्हणायचे, ‘ह्या म्युझियममध्ये असतात. पक्ष्यांत पेंढा भरतात.’ मी पेंढा कधीच भरला नाही. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मेलबर्नला आले. इथे मराठी उपसंपादकाची कोणाला गरज नव्हती. मात्र एका संग्रहालयाला पक्षी विभागात नोंदी तपासणारे माणूस हवे होते. नाव, जागा, तारीख, माणूस हे एकमेकांशी जुळते का, एवढेच पाहायचे. ते मला येत होते. निवृत्त होईपर्यंत मी तेच केले.

संग्रहालयात लोक तिकीट काढून जे पाहतात तो संग्रहाचा लहानसा भाग असतो. बाकीचा संग्रह शहराबाहेरच्या एका थंड, खिडक्या नसलेल्या इमारतीत लोखंडी कपाटांत असतो. कपाटाला सपाट ड्रॉवर. ड्रॉवरमध्ये पक्षी उताणे, एका ओळीत, पंख मिटलेले, पाय एकमेकांवर. डोळ्यांच्या जागी कापूस. हे पक्षी फांदीवर बसवलेले नसतात, त्यांना काचेचे डोळे नसतात. ते प्रदर्शनासाठी नसतातच, तुलनेसाठी असतात. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: कुठे मिळाला, कधी, कोणी तयार केला. चिठ्ठी नसलेला पक्षी म्हणजे तारीख नसलेली बातमी. खरी असेलही, पण वापरता येत नाही.

‘एकाच जातीचे इतके कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारायचा. उत्तर सोपे आहे. एका कावळ्यावरून कावळा कसा असतो ते कळत नाही. त्या कावळ्यापुरते कळते.

माझ्या कामाचा मोठा भाग नावे बदलण्याचा होता. बाहेरच्यांना वाटते की शास्त्रीय नाव एकदा पडले की पडले. तसे नसते. नाव म्हणजे त्या वेळचे मत. नवा पुरावा आला की मत बदलते आणि पक्षी एका गटातून दुसऱ्या गटात जातो. शिंजिरांचेच पाहा. पुण्यात जास्वंदीवर, कण्हेरीवर येणारा, बाकदार चोचीचा, उन्हात चमकणारा इवलासा पक्षी तो शिंजीर. त्याचे सगळ्यांत जास्त भाऊबंद आफ्रिकेत राहतात. एके काळी त्यांतले बहुतेक एकाच मोठ्या नावाखाली एकत्र नांदत होते. नंतर पुरावे वाढले, घर फुटले आणि बरेचसे ‘सिनिरिस’ ह्या नावाच्या घरात गेले. आमच्याकडे आफ्रिकेतले शिंजीर फार नव्हते. तरी सगळे ड्रॉवर पुन्हा लावावे लागले. त्यात एक नियम होता आणि तो मला फार आवडायचा. जुनी चिठ्ठी कधीही काढायची नाही. ती चुकीची ठरली असली तरी नाही. नवी तिच्या मागे बांधायची. वर्तमानपत्रात आम्ही चूक दुरुस्ती आतल्या पानावर, तळाशी, बारीक टायपात छापायचो. इथे चूक आणि दुरुस्ती एकाच दोऱ्याला.

लोक काय काय घेऊन यायचे त्याची वेगळी हकिगत होईल. आइसक्रीमच्या डब्यात गोठवलेला पोपट आणणारा एक गृहस्थ डबा परत द्या म्हणून भांडला होता, कारण डबा बायकोचा होता. एका बाईंना त्यांच्यावर रोज झेप घेणारा मॅग्पाय पक्षी नेमका कोणता हे हवे होते. जात नव्हे, इसम. स्प्रिंगफील्ड लेक्सहून एक मराठी मित्र दर आठवड्याला फोटो पाठवायचा: ‘हा बघ आमच्या बाल्कनीत शिंजीर!’ तो शिंजीर नसायचा, हनीइटर असायचा. दोघेही मध पितात म्हणून दोघांच्या चोची बाकदार झाल्या. नाते काही नाही. हे मी त्याला दर आठवड्याला कळवायचे. तो दर आठवड्याला ‘नो वरीज’ लिहायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शिंजीर पाठवायचा.

दामले काकांचा फोटोही मला आधी असाच एक वाटला.

केशव दामले आमच्याच भागात मुलीकडे राहायचे. वय पंच्याऐंशीच्या पुढे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जन्म मात्र आफ्रिकेतला, तेव्हाच्या टांगानिकातला, म्हणजे आताच्या टांझानियातला. त्यांचे वडील रत्नागिरीहून तिकडे गेले आणि उसंबारा पर्वताच्या पायथ्याशी, घायपाताच्या मळ्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले. मळ्यावर येणाऱ्या एका इंग्रज साहेबाला पक्ष्यांचा नाद होता. हात हलका आणि औषधांची माहिती, म्हणून कातडी सोलून पक्षी तयार करण्याचे काम साहेबाने त्यांना शिकवले. असे पक्षी त्यांनी पुष्कळ केले. सगळे साहेबाबरोबर विलायतेला गेले. एक उरला. तो आधी पुण्याला आणि मग काकांच्या ट्रंकेतून वेरिबीला आला.

फोटो काकांच्या मुलीने, मानसीने, पाठवला होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात कापसावर एक शिंजीर. पाठ आणि गळा हिरवा, धातूसारखा चकाकणारा. खाली निळी बारीक रेघ. त्याखाली छातीवर लाल पट्टा. खालोखाल तिचा मेसेज: ‘मीनलताई, बाबा म्हणतात ही नवी जात आहे आणि आजोबांचं नाव द्यायचं राहून गेलंय. प्लीज त्यांना काहीतरी सांग, रोज विचारतात.’

मी तो फोटो हेलनला दाखवला. हेलन आमच्या विभागाची प्रमुख. तिने तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

उसंबारा हे टांझानियातल्या एका पर्वताचे नाव. तिथल्या डोंगरांवरची जंगले एकमेकांपासून तुटलेली आहेत; मधे कोरडा, उष्ण मैदानी प्रदेश. डोंगरावरचा शिंजीर दुसऱ्या डोंगरावर सहसा जात नाही. त्यामुळे प्रत्येक डोंगराचा शिंजीर हळूहळू थोडा वेगळा झाला. हे सगळे एकमेकांसारखे दिसतात. फरक कळतो तो छातीचा लाल पट्टा किती रुंद, शेपटीच्या मुळाशी रंग निळा की जांभळा, पट्ट्याच्या बाजूला पिवळे किती, अशा गोष्टींवरून. काकांच्या पक्ष्याचा लाल पट्टा उसंबाराच्या शिंजिराला हवा त्यापेक्षा बराच रुंद होता, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे ठिपके होते. असे पिवळे असलेला शिंजीर आहे, पण तो दक्षिणेकडच्या दुसऱ्या डोंगरांवर.

‘कोणाला बोलू नकोस इतक्यात,’ हेलन म्हणाली. ती नेहमी शांत असायची. त्या दिवशी दुपारचा चहा तिने तसाच ठेवला.

मी बोलले नाही. पण पक्षी मागवायचा तर मेल करावी लागते, आणि हेलनने मेलमध्ये ‘आम्हाला ह्या नमुन्यात विशेष रस आहे’ असे लिहिले. मानसीने ती मेल काकांना मोठ्याने वाचून दाखवली. संध्याकाळी काकांचा फोन.

‘मीनल, विशेष रस म्हणजे काय गं?’

‘म्हणजे त्यांना पाहायचाय, काका. एवढंच.’

‘एवढंच कसं? मी सरकारी नोकरी केलीय. “विशेष” हा शब्द कोणी उगाच लिहीत नाही.’

त्यांनी नावही तयार ठेवले होते. नव्या जातीला माणसाचे नाव द्यायचे तर ते लॅटिन पद्धतीने लिहितात हे नात इराने त्यांना शोधून दिले होते. ‘सिनिरिस दामलेई,’ काका फोनवर सावकाश म्हणाले. ‘ऐकायला बरं वाटतं की नाही? साहेबानं बाबांना शब्द दिला होता. म्हणाला, दामले, हा वेगळा आहे, ह्याला तुझं नाव देतो. गेला तो गेलाच. बाबा पोस्टमनची वाट बघायचे, मी बघितलंय. मला दुसरं काही नकोय आता.’

मी म्हटले, ‘आधी पक्षी बघू द्या.’

पक्षी येण्याआधी दोन अडचणी निघाल्या. पहिली कायद्याची. ऑस्ट्रेलियात प्राण्याचे काहीही आणताना विमानतळावर सांगावे लागते. मी मानसीला विचारले, ‘डिक्लेअर केला होता का?’

तिने स्पीकरवरच विचारले. काकांचा आवाज आला, ‘लाडू केले होते.’

संबंधित खात्याला कळवावे लागले. मानसी घाबरली, नवऱ्याच्या सिटिझनशिपचे तेव्हा चालू होते. पत्रव्यवहार झाला, पक्षी कीड मरण्यासाठी गोठवावा लागेल, पण संग्रहालयाला देणार असाल तर हरकत नाही, असे उत्तर आले. देणार का, हे काकांना विचारले. ‘नाव मिळणार असेल तर देतो,’ ते म्हणाले.

दुसरी अडचण विषाची. त्या काळी कातडे टिकावे म्हणून आतून आर्सेनिकचा साबण लावत, म्हणजे सोमल. जुन्या पक्ष्याला आम्ही हातमोज्यांशिवाय शिवत नाही. मी मानसीला फोन करून डबा कुठे असतो ते विचारले.

‘देवघरात.’

‘कुठे?’

‘देवांच्या शेजारी, खालच्या फळीवर. का गं?’

फळी पुसायला लावली, हात धुवायला लावले, डबा पिशवीत बंद करायला लावला. तेव्हा देवघर का, हे मी विचारले नाही. डेस्कवर असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

पक्षी आला तेव्हा हेलन आणि मी दोघी टेबलापाशी होतो. कंपाउंडर दामल्यांनी काम नेटके केले होते. चोच सरळ, पंख बसलेले, शिवण दिसत नव्हती. चिठ्ठीवर बारीक अक्षरात जागा, दिनांक आणि ‘दामले’. हेलनने शेपटीचे मूळ पाहिले आणि मान हलवली: उसंबाराचाच. मग छाती सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘मीनल, हे परागकण आहेत का बघ. पण पराग कपाळाला असतो. छातीवर कसा?’

मी पाहिले. पक्ष्याच्या पिसातला लाल रंग पिसाच्या आत असतो. तो झटकून जात नाही. इथे पट्ट्याच्या मधोमध तसाच लाल होता. पण त्याच्या वर आणि खाली पिसांच्या धाग्यांच्या मधे लाल कण अडकले होते. मोकळे, कोरडे, बारीक. बाजूच्या ठिपक्यांत तसेच कण, पण पिवळे.

हेलनला ते काय आहे हे कळण्याचे काही कारण नव्हते. मला कळायला क्षणही लागला नाही.

‘पराग नाही,’ मी म्हटले. ‘उद्या सांगते.’ अंदाजाने बातमी द्यायची नाही ही सवय. दुसऱ्या दिवशी घरून दोन छोट्या डब्यांत थोडे थोडे नेले आणि काचेवर पक्ष्याच्या कणांशेजारी ठेवले. कण सारखे. मग पक्ष्याच्या पिवळ्या कणांवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. पिवळे लाल झाले. हळदीचे होते तसे. हेलनने मान वर केली आणि विचारले, ‘व्हॉट इज इट, मेट?’

मी तिला हळदकुंकू समजावून सांगितले. ती हसली नाही. फक्त म्हणाली, ‘त्यांना कोण सांगणार?’

शनिवारी दुपारी मी काकांकडे गेले. ते स्वेटर घालून हॉलमध्ये बसले होते, इस्त्रीचा शर्ट आतून. मानसीने चहा ठेवला. इरा कार्पेटवर फोन घेऊन बसली होती.

‘काका, एक विचारू? पक्ष्याला हळदकुंकू लावायचात का?’

‘अर्थात. खंडेनवमीला. बाबांची सुरी, चिमटा, कात्री आणि तो. हत्यारांची पूजा आपण करतोच की. बाबा असताना ते लावायचे, मग मी. एक वर्ष चुकलं नाही.’

‘कुठे लावायचात?’

‘आधी कपाळाला. पण चोचीपाशी पिसं सुटायला लागली, म्हणून मग छातीवर. मधे कुंकू, दोन्हीकडे हळद.’ त्यांनी स्वतःच्या छातीवर तीन बोटे टेकवून दाखवले. आणि बोटे तिथेच राहिली.

इराने फोन खाली ठेवला.

‘म्हणजे तो पट्टा,’ काका म्हणाले.

‘मधला त्याचा आहे. रुंद झालेला आपला आहे.’

‘आणि पिवळं?’

‘हळद.’

‘सगळंच?’

‘पट्ट्याच्या बाजूचं सगळंच.’

त्यांनी हात मांडीवर ठेवला. ‘म्हणजे मीच केली ती नवी जात.’ मग, ‘साहेब खोटं बोलला नव्हता म्हणायचं की बोलला होता?’

ह्यातले मला सांगता येण्यासारखे होते तेवढे मी सांगितले. साहेबाच्या मनात काय होते ते कळायला मार्ग नाही. पण त्याच्या आधी कित्येक वर्षे एका जर्मनाने उसंबाराच्या ह्याच शिंजिराला पर्वताचे नाव देऊन ते छापले होते. नावाच्या बाबतीत जो आधी छापतो त्याचे टिकते. साहेबाने दामल्यांचे नाव छापले असते तरी ते गळाले असते. ‘शिवाय तेव्हा ह्याला स्वतंत्र जात मानत नव्हते. किलिमांजारोवरच्या शिंजिराची पोटजात मानायचे. त्या शिंजिराच्या नावाचा अर्थ “मध्यम” असा आहे.’

‘मध्यम म्हणजे? सामान्य?’

‘साधारण तसंच.’

‘बाबांच्या पक्ष्याला सामान्य म्हणायचे?’

‘आता म्हणत नाहीत. अलीकडे पुन्हा तपासलं आणि उसंबाराचा वेगळा काढला. आता तो स्वतंत्र जात आहे.’

काका पुढे झुकले. ‘थांब. म्हणजे वेगळा निघाला?’

‘निघाला.’

‘पट्ट्यामुळे नाही?’

‘बाकीच्या पुराव्यांमुळे. आपल्या हळदकुंकवाचा संबंध नाही.’

‘पण साहेब म्हणाला होता वेगळा आहे, आणि वेगळा आहे.’

‘हो.’

ते मानसीकडे वळले. ‘ऐकलंस का? वेगळा आहे.’ मानसी म्हणाली, ‘ऐकलं, बाबा. चहा घ्या.’ त्यांनी चहा घेतला. मी विचारले, ‘मग पक्षी परत घ्यायचाय?’ कागदांवर अजून सही झाली नव्हती.

‘तुमच्याकडे बाबांचं नाव कुठे लागतं का?’

‘चिठ्ठीवर आहेच. नोंदीतही लागेल, तयार करणारा म्हणून. पक्ष्याचं नाव उद्या बदललं तरी ती चिठ्ठी काढत नाहीत.’

‘आणि वाचतं कोण?’

‘जो ड्रॉवर उघडेल तो.’

‘म्हणजे फारसं कोणी नाही.’

‘फारसं नाही,’ मी म्हटले. खोटे सांगून उपयोग नव्हता. त्यांनी सरकारी नोकरी केली होती.

त्यांनी सही केली. हळदकुंकू काढायचे का, हे हेलनने विचारायला सांगितले होते. काढले तर पक्षी तुलनेला उपयोगी पडतो. काका म्हणाले, ‘काढा. उगाच अजून कोणाला नवी जात सापडायची.’ मऊ ब्रशने बहुतेक निघाले. मधला थोडा भाग पिसांत इतका खोल बसला होता की काढताना पिसे तुटली असती. तो तसाच ठेवला. नमुन्याच्या स्थितीबद्दल नोंदीत मी एक ओळ लिहिली: ‘छातीवर मधोमध कुंकवाचे कण, कुटुंबातील वार्षिक पूजेतून.’ हेलनने ती वाचली आणि बदलली नाही. एवढ्या वर्षांत मी लिहिलेल्या नोंदींपैकी मला तोंडपाठ असलेली ही एकच.

ड्रॉवरमध्ये ठेवण्याआधी काकांना आणि इराला बोलावले. ट्रेमध्ये त्याच डोंगरांवरचे दुसरे काही शिंजीर होते, मोठ्या नावाच्या लोकांनी तयार केलेले. काका चष्मा वर-खाली करत पाहत राहिले. इरा म्हणाली, ‘आजू, दे ऑल लुक द सेम.’

‘हो ना,’ काका म्हणाले. ‘बाबांचा हात काही कमी नाही.’

मग हेलनने जुन्या चिठ्ठीमागे पक्ष्याच्या आजच्या नावाची नवी चिठ्ठी बांधली, पक्षी दोन्ही चिठ्ठ्यांसकट फोटोत घेतला आणि फोटो त्यांना पाठवला. मानसीने तो फ्रेम करून आणला.

मी निवृत्त झाले तेव्हा शिंजिरांची यादी पुन्हा बदलण्याची चर्चा चालू होती. ते ड्रॉवर आता दुसरे कोणी लावेल. माझ्या हातून झालेल्या कित्येक दुरुस्त्या पुढे चुका ठरतील. त्याची खंत फार वाटत नाही. त्या चिठ्ठ्या पहिल्यांदा कोण उलगडून वाचते ते पाहायला मी नसेन, ह्याची थोडी वाटते.

गेल्या खंडेनवमीला सकाळी काकांचा फोन आला.

‘ताट मांडलंय. सुरी, चिमटा, कात्री. मानसीनं सगळं तीनदा धुतलंय, सोमल नाही म्हणते. पण पक्ष्याची जागा रिकामी दिसत होती, तर फोटो ठेवलाय. त्याला कुंकू लावलं तर चालेल ना? का तोही कोणी भिंगाखाली बघणार?’

‘लावा, काका. फक्त चिठ्ठ्यांवर लागू देऊ नका. नाव वाचता आलं पाहिजे.’

‘पक्ष्याचं?’

‘दोन्ही.’